कामाचे कपडे

माझी बायको जेलीफिशमुळे गेली. समुद्रात नाही. घरात, न्हाणीघराच्या फरशीवर, दुपारी अडीच-तीनच्या सुमारास. हे सांगितलं की लोकांना वाटतं माझ्या बोलण्यात काहीतरी चूक झाली. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी वीजकेंद्रात कामाला आहे. तिथली यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात. पाणी जिथून आत शिरतं तिथे एकामागे एक तीन लोखंडी जाळ्या आहेत आणि वर पत्र्याचं छप्पर. त्याला आम्ही जाळीघर म्हणतो. वर्षातले आठ महिने जाळ्यांवर शेवाळ येतं, लाकडं येतात, प्लास्टिक येतं, एकदा तर एक अख्खी खुर्ची आली होती. उरलेले चार महिने जेलीफिश येतात. हजारोंनी येतात. जाळी बुजली की पाणी अडतं, पाणी अडलं की यंत्र बंद पडतं, आणि यंत्र बंद पडलं की साहेबांचा फोन येतो. म्हणून आम्ही सहा जण लांब दांड्याच्या दाताळ्यांनी ते ओढून काढतो आणि गाड्यात भरतो. भिजलेल्या गाद्या ओढाव्या तसं ते काम आहे.

शास्त्रातली नावं आम्हाला ठाऊक नाहीत. आम्ही आमची ठेवली आहेत. चपटा, पांढुरका, मध्ये चार गोल असलेला म्हणजे ताटली. तो फारसा काही करत नाही, नुसती खाज येते. जाड, जड, तपकिरी झाकण असलेला म्हणजे टोप. त्याचा चटका दोन दिवस राहतो. आणि तिसरी सासू. ती काचेसारखी, पाण्यात दिसतच नाही. मुठीएवढं डोकं आणि हात-हात लांब धागे. सासू अंगावरून गेली की कातडीवर लाल रेघा उठतात, आणि त्या रेघा सरळ नसतात, शिवणीच्या टाक्यासारख्या तुटक असतात. नवीन माणूस कामाला आला की त्याला मीच हे शिकवायचो. माझ्या डाव्या मनगटावर अशी एक जुनी रेघ होती, ती दाखवायचो.

"चोळायचं नाही," मी सांगायचो. "वाळूने घासायचं नाही. नळाचं पाणी ओतायचं नाही. व्हिनेगर ओतायचं, धागे चिमट्याने उचलायचे, मग दवाखाना. आणि शूरपणा करायचा नाही. शूर माणसं इथे फार झाली."

शेवटची गोष्ट कपड्यांची. जाळीतून ओढताना धागे तुटतात, उडतात, शर्टाच्या बाहीवर, पँटच्या मांडीवर चिकटतात. तासाभरात वाळतात. मग ते दिसत नाहीत, कपडा जरा कडक लागतो एवढंच. पण वाळला म्हणजे मेला असं नाही. त्या धाग्यात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक पिशव्या असतात आणि एकेका पिशवीत एकेक सुई गुंडाळलेली असते. वाळल्यावर त्या नुसत्या पडून राहतात. गोडं पाणी लागलं की फुटतात. म्हणून केंद्राच्या फाटकालगतच धुलाईघर आहे. तिथे एक बाई आहे, ती आमचे कपडे आधी एक दिवस व्हिनेगरच्या टाकीत बुडवून ठेवते आणि मग धुते. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, हा नियम दारावर लावलेला आहे. नवीन माणसांना तो मी वाचून दाखवायचो.

आणि पाळी संपली की माझे कपडे वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घालायचो आणि घरी न्यायचो.

आमच्यातल्या सगळ्यात उंच माणसाला टॉवर म्हणतात. तो एकदा म्हणालाही, "मामा, लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"तुला बायको नाही, तुला काय कळणार," मी म्हणालो. सगळे हसले.

खरं कारण तेवढंच होतं. धुलाईघरातून कपडे एकमेकांत मिसळून यायचे. कुणाची पँट कुणाला. आणि जो कपडे तिथे टाकायचा त्याला बाकीचे विचारायचे, काय रे, बायको हात लावेना का? मला कुणी कधी असं विचारलं नाही. माझी बायको ते जाड कपडे हाताने धुवायची, मशीनमध्ये घालायची नाही. मशीनने कॉलर निघत नाही म्हणायची. जाळीघरात सकाळी उभे राहिलो की सहा जणांत माझाच शर्ट स्वच्छ असायचा. अठ्ठावीस वर्षं असायचा. पहिली बरीच वर्षं जाळ्यांवर ताटल्या आणि टोपच यायचे. सासू यायला लागली ती गेल्या चार-पाच वर्षांत.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती हात पुढे करून उभी राहिली.

"अहो, हे काय झालंय बघा."

मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघा होत्या. तुटक. शिवणीच्या टाक्यासारख्या. मी एका नजरेत ओळखल्या. दुसरं कुणी ओळखलं नसतं, पण मी ओळखल्या.

"साबण बदल," मी म्हणालो.

का म्हणालो? तिने विचारलं असतं, म्हणजे तुम्ही माझे हात जाळत होता? जाळीघरात कळलं असतं की दुसऱ्यांना नियम वाचून दाखवणाऱ्याच्या घरातच हे चाललं आहे. आणि उद्यापासून कपडे धुलाईघरात टाकावे लागले असते. एका वाक्यात निभावलं, म्हणून म्हणालो.

तिने साबण बदलला. महिन्याने पुन्हा बदलला. "दुकानदाराला वाटतंय मी साबण खाते," ती म्हणाली. मग ती रबरी मोजे घालायला लागली, पण ओल्या बाह्या पिळताना कोपरावर यायचंच. मोसम संपला, रेघा गेल्या. ती म्हणाली, हा साबण चांगला निघाला.

पुढच्या दोन्ही वर्षी पुन्हा. आता रेघांवर भागलं नाही. कपडे धुऊन झाले की तिचे ओठ जड व्हायचे, डोळे सुजायचे, आणि खोकल्याची ढास लागायची.

"घसा कुणी आवळल्यासारखा वाटतो हो."

"वय झालं तुझं."

"माझं झालं, आणि तुम्हाला काय बर्फात ठेवलंय?"

ती अशीच होती. दुखणं सांगायला यायची आणि मला हसवून जायची. मीही हसलो. हसलो की विषय मिटायचा.

यंदा मोसमाच्या सुरुवातीलाच एका दिवशी कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली. तोंडावर गांधी उठल्या होत्या. दहा मिनिटांनी उठली, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि उरलेले कपडे वाळत घातले. त्या दिवशी मात्र मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या डॉक्टरकडे गेलो आणि म्हणालो, "एका मित्राच्या बायकोला असं असं होतंय."

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता त्यांनी तीन प्रश्न विचारले. मी तीनही उत्तरं दिली.

"मित्राला सांगा, आजपासून कपडे घरी नेणं बंद. आणि बायकोला स्पष्ट सांगायला सांगा की या कपड्यांना बोटसुद्धा लावायचं नाही. तिचं शरीर आता चिडलेलं आहे. दर वेळी थोडं थोडं विष गेलं, दर वेळी ते जास्त चिडलं. पुढच्या वेळी नुसतं पुरळ येऊन थांबेलच असं नाही. श्वास बंद होईल. तिला माझ्याकडे पाठवा, जवळ ठेवायला एक इंजेक्शन देतो. तिला ते स्वतःला टोचता येतं."

"सांगतो."

मग त्यांनी मान वर केली. "मित्र शहाणा आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांचं मी अर्धं ऐकलं. त्या दिवसापासून कपडे धुलाईघरात टाकायला लागलो. तिला मात्र काही सांगितलं नाही. आज सांगितलं तर ती विचारणार, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? आणि तिला खोटं बोललेलं लगेच कळायचं. छोटं खोटं चालून जायचं, साबणाएवढं. तीन वर्षांचं चाललं नसतं. मी हिशेब केला की कपडेच घरी आले नाहीत तर धोकाच नाही, मग सांगायचं कशाला? असा हिशेब करणारा माणूस स्वतःला हुशार समजतो.

पहिल्या संध्याकाळी तिने डब्याची पिशवी उघडली. डबा काढला. पिशवी उलटी केली.

"कपडे?"

"तिकडेच टाकले. धुलाईघर आहे."

"अठ्ठावीस वर्षांनी सापडलं का धुलाईघर?"

"तुझेच हात दुखतात ना. आराम कर."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी कधी तिला आराम कर म्हणालो नव्हतो. तिचा पाय मोडला होता तेव्हाही नाही. तिथेच ती सावध झाली.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी जेवताना विचारलं, "कोण धुतं तिथे?"

"आहे एक बाई."

"केवढी आहे?"

"मोजली नाही."

"नवरा आहे?"

"मी काय तिची कुंडली घेऊन बसलोय? जेव."

"मी आपलं विचारलं. माझ्या नवऱ्याच्या चड्ड्या कुणाच्या हातात असतात एवढं तरी मला कळू द्या."

मला हसू आलं. आणि हेही आलं मनात की बरं झालं. तिला काय वाटायचं ते वाटू दे, खरं कारण विचारणार नाही. धुलाईघरातली बाई चाळिशीची, दमलेली, तिचे हात व्हिनेगरने पांढरे पडलेले. तिच्याशी माझं आजवर 'आणा' आणि 'घ्या' याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. पण मी घरी ते सांगितलं नाही. एक शब्द सांगितला असता तर बायकोची झोप परत आली असती. ती रात्री कूस बदलत राहायची आणि मी झोपेचं सोंग करायचो. खोटं बोलायला नको, फक्त गप्प राहायचं, आणि ती आपल्याआपणच चुकीच्या वाटेला जाते आहे. मला ते सोयीचं होतं. थोडं आवडलंही. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा कुणी संशय घेतं याचं त्याला काय वाटतं, ते मी लपवणार नाही.

तीन आठवडे असं चाललं. ती बोचत राहिली, मी हसत राहिलो. मग एका बुधवारी सकाळी मी निघताना ती दारात आली आणि माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून बघायला लागली. धुलाईघरातून आलेला शर्ट होता. व्हिनेगरने कॉलर खरंच पांढरी निघायची.

"काय बघतेस?"

"काही नाही. माझ्या हातून अशी निघत नव्हती का?"

उत्तर द्यायला मला वेळ होता. घाईत नव्हतो. मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा बरी निघते."

तिने कॉलर सोडली, सारखी केली, आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, समुद्र पहाटेपासून नुसता जेलीफिशचा रस्सा झाला होता. वारा किनाऱ्याकडे होता. सासूच सासू. दोन जाळ्या बुजल्या होत्या, तिसरी वाकली होती. आम्ही सहाही जण दाताळ्यांवर होतो. साडेबाराला भिंतीवरचा फोन वाजला. टॉवरने घेतला. ऐकता ऐकता त्याचं तोंड कानापर्यंत फाटलं.

"मामा!" तो ओरडला. "धुलाईघरातून फोन आहे! मामी येऊन तुमचे कपडे जप्त करून गेल्या!"

सगळे दाताळी टेकून हसायला लागले. कुणी म्हणालं, आता मामा उद्या काय घालणार. कुणी म्हणालं, मामींनी रंगेहाथ पकडलं. टॉवर म्हणाला, "पिशवी अशी हिसकावली म्हणे, बाई बघतच राहिली!"

मीही हसलो. आधी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की त्या पिशवीत सोमवारपासूनचे तीन दिवसांचे कपडे आहेत, आणि टाकीला नवीन व्हिनेगर शुक्रवारी येतं, म्हणजे ते बुडवलेले नाहीत.

केंद्रापासून घर बसने पाऊण तास. तिने पाऊणला बस पकडली असेल तर दीडला घरी. मी घड्याळ पाहिलं. पर्यवेक्षक म्हणाले, मधली जाळी आधी. मी मधली जाळी घेतली. मन फोनकडे होतं, पण हात चालत होते. एक चाळीसला मी दाताळं ठेवलं, मोजे काढले आणि घरचा नंबर फिरवला.

तिने लगेच उचलला. नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

"कपड्यांना हात लावू नकोस," मी म्हणालो.

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"अजून काय काय सांगणार आहात? का, ते सांगा."

टॉवर माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. बाकीचे पाणी प्यायला म्हणून जवळ आले होते आणि कान देऊन ऐकत होते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर गंमत होती. कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यात विष असा शब्द आला असता. आणि तो ऐकून त्या पाचही जणांना कळलं असतं की मामींचे हात जळत होते आणि मामा ते तीन वर्षं लपवत होते.

"घरी आल्यावर सांगतो," मी म्हणालो. "तोवर ठेव ती पिशवी."

"तिनेच लावायचा का हात? मी नाही?"

"तसं समज."

"बरं," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. "आज तुम्हाला दाखवते कॉलर कशी निघते."

तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. टॉवर म्हणाला, "मामा, मामी फार तापल्या वाटतं." मी म्हणालो, "बायकांचं असंच असतं," आणि दाताळं उचललं. पाळी संपायला दोन तास वीस मिनिटं होती. तेवढा वेळ मी काम केलं. साहेबांनी नंतर आमच्या पाळीचं कौतुक केलं, यंत्र एक मिनिटही बंद पडलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली होती, कारण तिच्या छतातून पाणी गळायला लागलं होतं. ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती आणि तोंडावर पदर दाबून धरला होता. मला पाहून तिने फक्त आत बोट दाखवलं.

बायको फरशीवर बसल्यासारखी होती, पाठ भिंतीला, मान एका बाजूला. चेहरा तिचा वाटत नव्हता एवढा सुजला होता. कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या आणि दोन्ही हातांवर रेघाच रेघा, जागा उरली नव्हती. मोजे घातले नव्हते. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती, त्यात दोन शर्ट आणि पँटी तरंगत होत्या. एक शर्ट तिने पूर्ण धुऊन, पिळून, खिडकीजवळच्या दोरीवर घातला होता. दोन्ही खांद्यांना चिमटे लावले होते.

मी नळ बंद केला. तिला बाहेर ओढून घेतलं. तिच्या तोंडात तोंड घालून श्वास द्यायचा प्रयत्न केला. तेही आम्हाला शिकवलेलं आहे, तेही मी इतरांना शिकवतो. तोंड गार होतं. शेजारीण म्हणाली, "भाऊ, पुरे." तरी मी थांबलो नाही. मग थांबलो. आणि मग, खोटं कशाला सांगू, मी उठून त्या शर्टाची कॉलर बघितली. स्वच्छ होती. धुलाईघरापेक्षा स्वच्छ होती.

आठवड्याने चौकशी झाली. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत एक लांब टेबल, मी एका बाजूला, ते तिघे एका बाजूला. अधिकारी चांगला माणूस होता, खाली बघत विचारत होता.

"तुमच्या पत्नीला धोक्याची कल्पना होती?"

"होती," मी म्हणालो.

"तुम्ही दिली होती?"

"कितीदा सांगितलं. त्या दिवशीसुद्धा फोन करून सांगितलं, हात लावू नकोस. माणसं साक्षीला आहेत. तिने ऐकलं नाही. हट्टी होती."

टॉवरला बोलावलं. तो रडत होता. खरंच रडत होता. "साहेब, माझ्यासमोर फोन केला मामांनी. माझ्या कानांनी ऐकलं. हात लावू नकोस, म्हणाले. अजून काय करायचं माणसाने?"

तो खोटं बोलला नाही. त्याने जेवढं ऐकलं तेवढं सांगितलं.

डॉक्टरही होते. त्यांनी मृत्यूचं कारण वाचून दाखवलं आणि कागद मिटला. मला वाटलं आता ते बोलतील. ते काही बोलले नाहीत. बाहेर पडताना जिन्यात गाठ पडली तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमचा मित्र कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

ते खाली उतरले. त्यानंतर मला पाहिलं की ते रस्ता बदलतात.

दोष कुणाला तरी द्यायलाच हवा होता. धुलाईघरातले न बुडवलेले कपडे बाहेरच्या माणसाच्या हातात दिले म्हणून त्या बाईला कामावरून काढलं. ती शेवटच्या दिवशी फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "मी वहिनींना म्हटलं होतं, हे अजून व्हिनेगरात घालायचे आहेत. त्या म्हणाल्या, मला धुणं शिकवू नका."

"मग?"

"त्यांना माहीत नव्हतं, दादा. माहीत असतं तर ती पिशवी अशी पोटाशी धरली नसती. लेकरू उचलावं तशी घेऊन गेल्या. आपल्याला ठाऊक असलं की त्यात काय आहे, तर माणूस लांब धरतो."

मी तिच्या पांढऱ्या हातांकडे बघितलं.

"पिशवी कुणी दिली?" मी विचारलं.

ती एक पाऊल मागे सरकली.

"मी विचारतोय, पिशवी कुणी काढून दिली तिला? मी?"

"त्यांनी हिसकावली..."

"मग घट्ट धरायची होती."

ती गेली. कुठे गेली मला माहीत नाही. ती पुन्हा दिसू नये असं मला वाटायचं, आणि ती दिसली नाही.

मुलगी आली होती. ती दुसऱ्या गावी असते. आईवर तिचा फार जीव. पहिले दोन दिवस ती आईच्या कपाटासमोर बसून रडली. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "बाबा, आईला माहीत होतं का?"

घरात दोघंच होतो. टॉवर नव्हता, अधिकारी नव्हते. तिथे सांगता आलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. आई गेली होती, आता तिला मीच उरलो होतो, आणि मला ती. खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती आणि परत आली नसती. मी चहा घेतला.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुझ्या आईला तू ओळखतेस."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. दुःखाच्या जागी राग आला. ती उठली आणि कपाटातल्या साड्या काढून पिशवीत कोंबायला लागली, घडीसुद्धा न घालता.

"कधी कुणाचं ऐकलं नाही तिने," ती म्हणाली. "एका कॉलरसाठी? एका कॉलरसाठी जीव दिला? आमचा कुणाचा विचार नाही?"

"जाऊ दे."

"तुम्ही किती सोसलंत बाबा. तुम्ही तिला कधी काही बोलला नाहीत म्हणून ती अशी झाली."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदा. मी तो फिरवू दिला.

आता ती दर रविवारी फोन करते. आईचा विषय निघाला की आवाज कडक होतो. रडत नाही. मी काही बोलत नाही. मग ती म्हणते, तुमचं मन मोठं आहे. घरात मी एकटा असतो. कॉलर धुवायची मला जमत नाही, धुलाईघर बंद पडलं आहे, आता कपडे बाहेरच्या कंपनीकडे जातात आणि राखाडी होऊन येतात. दोन माणसांचं बोलणं ऐकलं की मला तिचं आठवतं. बर्फात ठेवलंय म्हणालेली आठवते. मी एकटाच हसतो.

गेल्या रविवारी फोनवर मागे आरडाओरडा ऐकू येत होता. नात पाच वर्षांची आहे. ती चालू इस्त्रीला हात लावायला गेली होती.

"सांगितलेलं ऐकायचं नाही म्हणजे नाही!" मुलगी तिला ओरडत होती. "अगदी आजीवर गेली आहेस. आजीचं काय झालं?"

"मेली," नात म्हणाली.

"का मेली?"

"आजोबांचं ऐकलं नाही म्हणून."

"मग? सांग आजोबांना."

फोन तिच्या हातात आला. ती जोरजोरात श्वास घेत होती, रडून झाल्यावर लहान मुलं घेतात तसा.

"आजोबा," ती म्हणाली, "मी तुमचं ऐकते. मी आजीसारखी वेडी नाहीये."

"शाब्बास," मी म्हणालो.